बॅटरी जिंकली, घड्याळ रुसलं

(पत्र मोठं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून सारांश देते आहे.)

'माझं वय 44. गेल्या महिन्यात घरी नातेवाईक जमले होते. रात्री भाच्याने खेळ काढला : आपल्याला मिळालेली सगळ्यात लक्षात राहिलेली भेट कोणती, ते प्रत्येकाने फार विचार न करता सांगायचं. माझी पाळी आली आणि मी बोलून गेले, "आत्याने दिलेली बॅटरी." बॅटरी म्हणजे टॉर्च. मी 11 वर्षांची होते, अंधाराला भयंकर घाबरायचे. सगळे चिडवायचे, आत्या कधी चिडवायची नाही. एकदा राहायला आली होती, ती निघताना माझ्या हातात एक पत्र्याची बॅटरी देऊन म्हणाली, "अंधारात काही नसतं असं मी म्हणणार नाही. तूच बघ आणि मला सांग." झोपेत हातातून सुटू नये म्हणून तिने बॅटरीला निळी दोरी बांधली होती. कित्येक वर्षं ती माझ्या उशाशी होती. आता पेटत नाही, आत सेल फुटलेत, पण खणात आहे.

हे सगळं सांगून झालं आणि नवऱ्याकडे लक्ष गेलं. लग्नाच्या 15व्या वाढदिवसाला त्याने मला भारी घड्याळ दिलं होतं. त्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. त्या वर्षात त्याच्या चष्म्याची दांडी मोडली होती, ती दोऱ्याने बांधून तो चालवत होता. का, ते मला नंतर कळलं. मी डबी उघडल्या उघडल्या म्हणाले होते, "अरे, एवढा खर्च कशाला?" घड्याळ मी डबीत जपून ठेवलंय. चार वर्षांत चारदा घातलं असेल. एकदा त्याने विचारलं होतं, "चालू आहे ना गं ते?" मी म्हटलं, "हो, नीट ठेवलंय."

त्या रात्री तो एवढंच म्हणाला, "उगाच घड्याळाच्या भानगडीत पडलो. बॅटरीच आणायला हवी होती." तेव्हापासून कामापुरतं बोलतो. मुलगी म्हणते, "आई, खोटं बोलायला काय जात होतं?" मी चुकले का? आता त्याला "खरं तर घड्याळच" असं सांगू का? की मीच कृतघ्न, मला चांगल्या वस्तूची कदर नाही?'

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी बॅटरीच डोळ्यांसमोर राहिली. म्हणून दुसऱ्यांदा मुद्दाम घड्याळ शोधत वाचलं. ते मला कुठे सापडलं, ते थोड्या वेळाने सांगते.

आधी तुमच्या मुलीचा सल्ला. खोटं बोलायला काय जात होतं? त्या रात्री काहीच गेलं नसतं. चारचौघांत नवऱ्याचा मान राहिला असता आणि खेळ पुढच्या माणसाकडे सरकला असता. अशी थाप कुणी मारली तर मी तिला पाप म्हणणार नाही. पण आज, महिन्याभरानंतर, 'खरं तर घड्याळच' म्हणालात तर ते पचणार नाही. चार वर्षांत ते घड्याळ तुमच्या हातावर किती वेळा दिसलं, याचा हिशेब त्या माणसाकडे आहे. शिवाय रुसलेल्या मुलाला चॉकलेट देऊन गप्प करतात तसं आपल्याला केलं जातंय, असं त्याला वाटेल. दुखावलेल्या माणसाला हे आणखी लागतं. तेव्हा तो रस्ता बंद करून टाकू.

आता तो प्रश्न. भाच्याचा हेतू चांगला असणार, पण 'सगळ्यात' या शब्दाने घात केला. 'लक्षात राहिलेली एक भेट सांगा' असं विचारलं असतं तर प्रत्येकाला दहा उत्तरं सुचली असती आणि त्यातलं एक निवडताना कुणी हरलं नसतं. 'सगळ्यात' म्हटलं की स्पर्धा आली, पहिला नंबर आला, आणि त्याच खोलीत बसलेले बाकीचे देणारे आपोआप नापास झाले. त्यात 'विचार न करता' ही अट! विचार न करता पहिलं काय आठवतं, हे त्या भेटीच्या मोलावर ठरत नाही, बऱ्याच अंशी स्मरणशक्तीच्या सवयींवर ठरतं. माणसाला उतारवयात मागे वळून बघताना साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी जास्त येतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. पहिली भीती, पहिली नोकरी, पहिलं परकं घर, सगळं त्याच वर्षांत घडतं. तुमची बॅटरी 11व्या वर्षी आली. घड्याळ आलं चाळिशीत, जेव्हा दिवस एकमेकांसारखे दिसायला लागलेले असतात. ही शर्यत बरोबरीची नव्हती, आणि हे नवऱ्याला सांगण्यासारखं आहे. मात्र हे पहिलं वाक्य म्हणून सांगू नका, नाहीतर वकिली वाटेल.

कृतघ्नपणाचं म्हणाल, तर तो आरोप मी फेटाळते. स्वस्त वस्तू जवळची वाटली आणि महाग वस्तू नाही, यात तुम्ही एकट्या नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या दोन संशोधकांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साखरपुड्याच्या अंगठीपासून वाढदिवसाच्या भेटीपर्यंत त्यांनी तपासून पाहिलं. देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग तितकी समोरच्याला ती जास्त भावेल. घेणाऱ्यांच्या उत्तरांत किमतीचा आणि कौतुकाचा असा काही संबंध दिसला नाही. गंमत अशी की हीच माणसं आयुष्यात कधी देणारी असतात, कधी घेणारी. तरी खुर्ची बदलली की विसरतात.

अर्थशास्त्रज्ञांनी तर यात मोजमापही केलं. जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला मिळालेल्या भेटवस्तू तुमच्या लेखी किती किमतीच्या? उत्तर आलं, देणाऱ्याने मोजलेल्या किमतीपेक्षा कमी. दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मोल वाया जातं, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेक वर्षं लोक हा आकडा 'भेटी देणं म्हणजे उधळपट्टी' म्हणून सांगत आले आहेत. पण त्या प्रश्नात एक अट होती : वस्तूची भावनिक किंमत सोडून सांगा. ती सोडल्यावर तुमच्या बॅटरीचं काय उरतं? फुटलेले सेल आणि पत्रा. आणि घड्याळाचं? जवळजवळ सगळं. म्हणजे नवऱ्याच्या भेटीत भावना नव्हती, असं मी म्हणते आहे का? उलट. तुम्हीच लिहिलंय, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

मला घड्याळ तिथे सापडलं.

एक गोष्ट बघा. आत्याने दोरी बांधून दिली आणि नवऱ्याने दोरा बांधून दिलं. आत्याची दोरी बॅटरीवरच होती, रोज दिसत होती. नवऱ्याचा दोरा त्याच्या स्वतःच्या कानामागे होता आणि त्याचा अर्थ तुम्हाला नंतर कळला. कळल्यावर तुम्ही त्याला काय म्हणालात, हे पत्रात नाही. म्हणाला असाल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. पण माझा अंदाज आहे की मनातल्या मनात गलबललात आणि घड्याळ आणखी जपून ठेवलंत.

'अरे, एवढा खर्च कशाला?' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. माझ्याही. आपण ते प्रेमानेच म्हणतो, त्यात 'माझ्यासाठी एवढं केलंस?' हे दडलेलं असतं. पण ऐकणाऱ्याला ते दडलेलं ऐकू येत नाही, त्याला फक्त खर्च ऐकू येतो. वर्षभर साठवलेला आनंद तो डबी उघडतानाच्या त्या दोन सेकंदांत तुमच्या चेहऱ्यावर शोधत असतो आणि त्याच वेळी आपण हिशेबाची वही काढतो. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 च्या सुमारास भेटींविषयी एक निबंध लिहिला. जगभरच्या समाजांच्या नोंदी चाळून त्याने तीन बंधनं सांगितली : देणं, घेणं आणि परत करणं. आपण पहिल्याचा आणि तिसऱ्याचा फार विचार करतो. मधल्याचा कुणी करत नाही, जणू घ्यायला काय अक्कल लागते! लागते. दिलेलं नीट न घेणं म्हणजे देणाऱ्यालाच अर्धवट नाकारणं, हे मॉसच्या नोंदींमधल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

माझी एक आठवण सांगते, फार कौतुकाची नाही. एका मैत्रिणीने मला स्वतः विणलेला लोकरीचा मफलर दिला होता. 'किती सुंदर, रोज वापरायला नको' म्हणून मी तो कपाटात वर ठेवला, प्लास्टिकच्या पिशवीत. तीन वर्षांनी काढला तर कसर लागलेली. सात-आठ भोकं होती, एक अंगठ्याएवढं. वापरला असता तर तोही झिजला असता, पण तिच्यासमोर झिजला असता. तिने नंतर कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून मी 'जपून ठेवलंय' या शब्दांकडे जरा संशयाने बघते.

तुमची अडचण बॅटरीत नाही, घड्याळ डबीत आहे यात आहे, असं मला वाटतं. तुम्ही लिहिता, 'मी ते जपलंय.' जपलंय, खरंच जपलंय, त्यात खोट नाही. पण तुमच्याच पत्रातल्या दोन वस्तू शेजारी ठेवून बघा. बॅटरी तुम्ही पाडली असेल, तिला पोचे पडले असतील, पांघरुणाखाली पेटवून सेल संपवले असतील. म्हणून तिला गोष्ट आहे. घड्याळावर एक ओरखडा नाही आणि म्हणूनच सांगायला काही नाही. त्या रात्री तुम्ही घड्याळाचं नाव घेतलं असतं आणि भाच्याने विचारलं असतं, 'मग मामी, त्याची काही गोष्ट?' तर काय सांगितलं असतंत?

या संदर्भात एक जुनी नोंद मला फार आवडते. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. तिथे 'कुला' नावाची देवघेव चालते. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखाची कडी उलट दिशेने. कडी बहुतेक इतकी लहान की हातात जातही नाहीत. कुणी ती कायमची ठेवून घेत नाही. थोडे दिवस जवळ बाळगायची, कुणाकडून आली ते कौतुकाने सांगायचं आणि पुढे द्यायची. युरोपात परतल्यावर तो एडिंबराच्या किल्ल्यात राजघराण्याचे दागिने बघायला गेला. रखवालदार सांगत होता, हे अमक्या राजाने घातलं, ते तमक्या राणीने. मॅलिनोव्स्कीला ते दागिने बोजड आणि ओबडधोबड वाटले आणि त्याला ती शंखाची कडी आठवली. दोन्हीकडे वस्तूपेक्षा तिच्यामागची गोष्टच लोक जपत होते. 1922 सालच्या आपल्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलं आहे. तुमच्या घड्याळाला सध्या गोष्ट सांगणारा रखवालदार नाही. त्याची गोष्ट एकट्या नवऱ्याला पाठ आहे आणि तो स्वतः होऊन ती सांगणार नाही.

आता आणखी एक. तुमच्या मूळ पत्रात त्या रात्रीची बरीच उत्तरं होती. भाच्याची सायकल, नणंदेला मिळालेलं पत्र, सासऱ्यांना त्यांच्या मित्राने दिलेलं पेन. मुलीचं उत्तरही होतं. पण नवऱ्याचं उत्तर काय होतं? मी पत्र तिसऱ्यांदा चाळलं, ते कुठेच नाही. एक तर त्याची पाळी आलीच नाही, किंवा आली आणि तो काहीतरी बोलला जे तुमच्या लक्षात राहिलं नाही, किंवा त्याने हसून टाळलं. तिन्हींपैकी काहीही असो, सुरुवात तिथूनच करा. 'तुला मिळालेली, तुझ्या मनात घर करून असलेली एक भेट कोणती?' 'एक' म्हणा, 'सगळ्यात' म्हणू नका. आणि मग ऐका. उत्तर तुमच्या एखाद्या भेटीचं निघालं नाही तर तुम्हालाही थोडं टोचेल. टोचू दे. त्याला काय झालं असेल, ते कुणी समजावून सांगण्यापेक्षा तसं लवकर कळेल.

त्यानंतर घड्याळाचं बोला. कसं बोलायचं, याचे दोन-तीन मार्ग दिसतात. सरळ माफी मागता येईल. पण माफी कसली? लहानपणीची आत्या आठवली हा गुन्हा नाही, आणि तुम्ही माफी मागितलीत तर तो बिचारा 'छे, तसं काही नाही' म्हणून विषय बंद करेल. बाजू मांडता येईल. मी वर दिलेले अभ्यास त्याच्यासमोर वाचता येतील, पण तसं कृपा करून करू नका. तिसरा मार्ग म्हणजे काही न बोलता उद्यापासून घड्याळ घालायचं. हा मला सुरुवातीला आवडला होता. नंतर वाटलं, महिन्याभराच्या अबोल्यानंतर अचानक मनगटावर ते दिसलं तर शिक्षा भोगल्यासारखं वाटेल, त्यालाही आणि तुम्हालाही.

माझं मत विचाराल तर चष्म्याविषयी बोला. 'त्या वर्षी तुझ्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. मी तुला चारदा म्हटलं होतं, नवीन का घेत नाहीस. का घेत नव्हतास ते मला नंतर कळलं आणि मी तुला कधी बोलले नाही.' तुमच्या शब्दांत सांगा, हे माझे झाले. मुद्दा एवढाच की घड्याळ किती सुंदर आहे, याची स्तुती त्याला नको आहे. दुकानदारानेही ती केली असेल. त्याने जे केलं ते तुम्ही पाहिलं होतं, हे त्याला ऐकायचं आहे. आणि 'एवढा खर्च कशाला' म्हणालात त्या संध्याकाळी खरं मनात काय आलं होतं, तेही सांगा. तेव्हा वाटलं असेल की हे आपल्याला शोभत नाही, किंवा एवढी चांगली वस्तू आपण हरवू. जे होतं ते.

मग त्याच्याबरोबर जाऊन घड्याळ चालू करून घ्या. हे अगदी व्यवहाराचं सांगते. सेलवर चालणारं असेल तर चार वर्षांत सेल संपला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि संपलेला सेल आत राहिला तर गळून यंत्र खराब करतो. बॅटरीत तेच झालंय, तुम्हाला ठाऊक आहे. चावीचं असेल तर नुसतं ठेवून ठेवून आतलं वंगण सुकतं; जोर करून चावी देऊ नका, आधी जाणकाराला दाखवा. नंतर ते रोज घाला. भांडी घासताना काढा, बाकी घाला. ओरखडा पडेल. पडला की तो कुठे पडला ते लक्षात ठेवा.

तुमच्यासारखं पत्र मनातल्या मनात लिहिणारे इतरही असतील, त्यांच्यासाठी थोडं. देणारे असाल तर भीड सोडा. ज्युलियन गिवी आणि जेफ गलक यांचा 2017 चा एक अभ्यास सांगतो की देणारे भावनेची भेट द्यायला कचरतात, कारण ती लागू पडेल की नाही याची खात्री नसते. मग ते सुरक्षित, आवडीनिवडीला धरून असलेली वस्तू निवडतात. घेणाऱ्यांना मात्र भावनेची भेट देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त हवी असते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मी हेच बघते. एकीने मोठ्या भावाने हाताने उतरवून दिलेलं अख्खं पाठ्यपुस्तक ठेवलंय, कारण घरात पुस्तक एकच होतं आणि परीक्षा दोघांची. एकाकडे आईच्या आवाजातली कॅसेट आहे. तिच्यात आई फक्त घरातल्या वस्तू कुठे ठेवल्यात ते सांगते. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की त्यांच्या साहेबाने, न मागता, तीन दिवसांची रजा दिली होती, वडील आजारी आहेत हे चेहऱ्यावरून ओळखून. ही तर वस्तूसुद्धा नाही. या सगळ्यांत देणाऱ्याने समोरच्याकडे नीट बघितलं होतं, एवढंच सामाईक आहे. तुमच्या आत्यानेही तेच केलं. बाकीच्यांनी भीती पाहिली आणि हसले. तिने भीती पाहिली, खरी मानली आणि वर काम दिलं : बघ आणि मला सांग.

अशा वस्तू घरात असतील तर त्यांच्याकडे वर्षातून एकदा बघत जा. हाताने लिहिलेले कागद सेलोटेपने जोडू नका. तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशनही नको, ते मागे फिरवता येत नाही. कॅसेटची फीत खराब होते आणि ती वाजवायचं यंत्रही मिळेनासं होतं, म्हणून आवाज आजच दुसरीकडे उतरवून घ्या. रेशमी कापडाची घडी बदलत राहा, नाहीतर ते घडीवरच चिरतं. आणि लोकर प्लास्टिकमध्ये ठेवू नका, हे मी कुठल्या अधिकाराने सांगते ते वर आलंच आहे.

आता आत्या. तुम्ही लिहिलंय की त्या आता थकल्या आहेत, मुलाकडे असतात, वर्षातून दोनदा फोन होतो. आणि पुढे : 'तिला आता ते आठवतही नसेल, 33 वर्षांनी काय सांगायचं?' हे वाक्य मला पटलं नाही. 2018 मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी काही जणांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं, मिळणाऱ्याला कसं वाटेल? लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरचा अवघडेल, त्याला फार काही वाटणार नाही. प्रत्यक्षात मिळणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले आणि कमी अवघडले. लिहिणारे आपले शब्द नीट जमतील का, या काळजीत होते. वाचणाऱ्यांना आपुलकी जाणवली होती.

आणि तुमच्या बाबतीत तर एक उत्तर द्यायचं राहून गेलंय. आत्याने सांगितलं होतं, 'तूच बघ आणि मला सांग.' बघितलंत, कित्येक वर्षं बघितलंत. सांगितलंत का? खोलीच्या कोपऱ्यात काय होतं, दारामागे काय होतं, कधी भीती गेली की अजून थोडी आहे? फोन करा आणि तेच सांगा. त्यांना बॅटरी आठवत नसली तरी हरकत नाही, तुम्हाला आठवते ना. जमलं तर नवऱ्याला शेजारी बसवून फोन करा. त्याने आजवर बॅटरीची गोष्ट बहुधा पूर्ण ऐकलेलीच नाही, ऐकला तो फक्त निकाल.

बॅटरी साफ करायची असेल तर सेल ओढून काढू नका. जुन्या साध्या सेलचं जस्ताचं कवच वापरात खाल्लं जातं आणि भोक पडून आतला पदार्थ बाहेर येतो, तो पत्र्याला धरून बसतो. हातमोजे घाला, तोंड खाली करून हलके ठोका, पांढरी-हिरवट पूड कोरड्या ब्रशने झाडा आणि मग थोड्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. आतली स्प्रिंग गंजली असेल तर बॅटरी पुन्हा पेटेलच असं नाही. न पेटली तरी सेल आत ठेवू नका.

एक राहिलं. ती निळी दोरी कसली होती, ते पत्रात नाही. आत्या पाहुणी म्हणून आलेली, निघायच्या दिवशी दोरी कुठून मिळाली तिला? परकराची नाडी, पिशवीचा बंद, की आणखी काही? फोन कराल तेव्हा विचारा. आणि कळलं तर मला दोन ओळी टाका, मला खरंच जाणून घ्यायचंय.